चोवीस आणे शीड

रोहिण्या सरत आलेल्या असतात आणि मृग अजून लागायचा असतो, अशा आठ-दहा दिवसांत औरंगपुऱ्यातून गुलमंडीकडे सकाळी पायी जाणाऱ्या माणसाला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसलेल्या भाजीवाल्यांच्या डोक्यांवर निळ्या, पिवळ्या आणि क्वचित जुन्या खाकी ताडपत्र्यांचे जे एक डगमगते गाव वसताना दिसते, ते पाहण्यात अर्धा-पाऊण तास केव्हा निघून गेला हे कळत नाही. निदान मला कळत नाही, आणि निवृत्त माणसाच्या वेळेचा हिशेब मागणारी कचेरी सरकारने अद्याप उघडलेली नाही. बांबू रोवले जातात, सुतळीच्या गाठी आवळल्या जातात, शेजाऱ्याच्या बांबूला आपली दोरी बांधण्यावरून दोन शब्द होतात, आणि मग पश्चिमेकडून एखादी झुळूक आली की ते सगळे गाव एकदम छाती फुगवून घेते आणि क्षणभराने पुन्हा लोंबू लागते.

यंदा त्या गावाची खरेदीही जवळून पाहण्याचा योग आला. गच्चीवरच्या टाकीसाठी एक लहानसा तुकडा हवा होता म्हणून मी ताडपत्रीच्या दुकानात शिरलो, तर जिच्याकडून गेली वीस वर्षे मी मेथी आणि अंबाडी घेत आलो आहे ती बाई तिथे आधीच उकिडवी बसून, दुकानदाराने अंथरलेल्या ताडपत्रीच्या कडेकडेने वीत टाकीत चालली होती. कडेच्या प्रत्येक रिंगेत करंगळी घालून ती हलते की काय हे पाही, आणि हललेली सापडली की काही न बोलता तिच्यापाशी नखाने एक खूण करी. दुकानदार घाईत होता. "मावशी, बारा बाय अठरा घेऊन टाका. मोठी असली तर दुमडता येते, छोटी पडली तर वाढवता येत नाही." या बिनतोड युक्तिवादावर बाईने मान वरही केली नाही. "मोठी लई वारं धरते," ती म्हणाली. "गेल्या साली बांबूसगट उडून रस्त्यापलीकडं गेली. बारा बाय बाराच दे. सर, तुम्ही तरी सांगा यांना."

मी काही सांगितले नाही. सांगण्याजोगे काही जवळ नव्हते, आणि शिवाय त्याच आठवड्यात हाच प्रश्न माझ्यापुढे सात समुद्रांपलीकडून आलेला होता व त्याचेही उत्तर मी दिलेले नव्हते.

माझा एक भाचा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असतो. नोकरी, घर, मुले ही सर्व कलमे यथाकाल पूर्ण करून झाल्यावर त्याने पन्नाशीच्या सुमारास एक जुनी, चौतीस फुटी, एका डोलकाठीची शिडाची होडी विकत घेतली, आणि आमच्या घराण्यात आजवर कोणी विहिरीपलीकडे पाण्याशी सलगी केलेली नसल्यामुळे ही वार्ता आमच्याकडे काहीशी कुळाला बट्टा लागल्यासारखी चर्चिली गेली. तो फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर पोरांना वारे शिकवलेत. आता मला सांगा, पुढचं शीड केवढं घेऊ?" जुने शीड विटून फाटले होते, नवे शिवून घ्यायचे होते, आणि शिवणारा एकच गोष्ट विचारीत होता: किती टक्के?

शिडाला टक्के असतात हे मला ठाऊक नव्हते. पण ते एकदा समजावून घेतल्यावर मला ते हिशेबाचे प्रकरण फार आवडले. अशा होडीला दोन शिडे. एक डोलकाठीच्या मागे, आडव्या दांडीला धरून असलेले. दुसरे पुढचे, डोलकाठीच्या शेंड्यापासून नाळेच्या टोकापर्यंत ताणून बांधलेल्या तारेवर चढणारे, त्रिकोणी. नाळेपासून डोलकाठीपर्यंत जे अंतर पडते ते शंभर धरायचे. मग शिडाचा मागचा मोकळा कोपरा त्याच्या तारेकडील कडेपासून काटकोनात मोजायचा. तो डोलकाठीपर्यंत जेमतेम येईल एवढा असला तर शीड शंभर टक्के, आणि डोलकाठी ओलांडून मागच्या शिडावर पदरासारखा आला तर एकशेदहा, एकशेपस्तीस, एकशेपन्नास. ओलांडून जाणाऱ्या या मोठ्या शिडांना जेनोआ म्हणतात. १९२०च्या दशकात स्वेन सालेन नावाच्या एका स्वीडिश नाविकाने इटलीतल्या त्या बंदरातल्या शर्यतीत असे शीड लावून इतरांना मागे टाकले, त्यावरून हे नाव पडले.

माझे वडील निजामी अमलात तहसिलीत पेशकार होते. त्यांच्या तोंडी टक्के कधी आले नाहीत. त्यांचे जग आण्यांचे होते. पिकाची आणेवारी लावण्यासाठी ते गावोगाव हिंडत, आणि सोळा आणे पीक म्हणजे काय हे त्यांना पक्के ठाऊक असले तरी आपण ते उभ्या नोकरीत पाहिले नाही असे ते सांगत. तो संस्कार माझ्या रक्तात असल्यामुळे भाच्याचे टक्के मी मनातल्या मनात आण्यांत उतरवून घेतले. शंभर टक्के म्हणजे सोळा आणे. एकशेदहा म्हणजे साडेसतरा आण्यांना किंचित वर. एकशेपस्तीस साडेएकवीसच्या पुढे. आणि एकशेपन्नास म्हणजे सरळ चोवीस आणे. रुपयात जे मावत नाही ते शीड! त्याच्या होडीवर नाळ ते डोलकाठी अंतर चार मीटर आणि तारेवरची कड तेरा मीटर आहे असे धरले, तर सोळा आणे शीड सुमारे २८० चौरस फुटांचे होते आणि चोवीस आण्यांचे ४२० फुटांचे. माझा दिवाणखाना आणि लगतची खोली यांचे छत उचलून वाऱ्यात धरावे, तसा तो प्रकार.

वडिलांची एक गोष्ट या निमित्ताने आठवली. ते म्हणत, गावचा पाटील पाहणीला आलेल्या अंमलदाराला नेहमी रस्त्याकडेचे शेत दाखवतो. विहिरीजवळचे, खताचे, नजरेत भरणारे. त्यावरून आणे मुक्रर केले की गावावर अन्याय झालाच म्हणून समजावे. खरा अंदाज घ्यायचा तर जोडे काढून ओढ्यापलीकडच्या माळावर जावे लागते, जिथे कोणी न्यायला राजी नसते. भाच्याला शीड विकणाऱ्यांनी, मित्रांनी आणि पुस्तकांनी जे वारे दाखवले होते ते मला असेच रस्त्याकडेच्या शेतासारखे वाटू लागले: निळे पाणी, मंद झुळूक, आणि तिला अलगद उचलून घेणारे ते भव्य चोवीस आणे शीड. अशा दिवशी लहान शिडाची होडी खरोखरच पाण्यावर बुचासारखी डुलत उभी राहते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण असे दिवस वर्षात किती, हे ओढ्यापलीकडे गेल्याशिवाय कसे कळणार?

जुन्या काळी हा प्रश्न एवढा छळत नसे, त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. पूर्वी होडीच्या पोटात एकाऐवजी चार-पाच पुढची शिडे पिशव्यांत बांधून ठेवलेली असत, आणि वारा वाढेल तसे मोठे उतरवून लहान चढवीत, अगदी वादळासाठी हातरुमालाएवढेही एक असे. अरबी समुद्रातल्या मोठ्या त्रिकोणी शिडांच्या जहाजांवरही शीड आखडून घेण्यापेक्षा बदलण्याचाच शिरस्ता होता. पुढे त्या तारेवरच शीड गुंडाळून ठेवण्याची युक्ती निघाली. दोरी ओढली की शीड पडद्यासारखे स्वतःभोवती गुंडाळले जाते, सोडली की उघडते, आणि कोणाला ओल्या, हेलकावणाऱ्या नाळेवर जाण्याची तसदी उरत नाही. सोय झाली, पण चार शिडांच्या जागी एकच शीड आले, आणि ते एकच शीड सर्व ऋतूंना पुरवायचे असल्यामुळे त्याचे माप हा आयुष्याचा प्रश्न होऊन बसला. ताडपत्रीवाल्याचे तत्त्व इथेच डोके वर काढते: मोठे घ्या, नको तेव्हा गुंडाळा.

हे तत्त्व मला लहानपणापासून परिचयाचे आहे, कारण मी ते अंगावर वागवलेले आहे. आमच्या घरी मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवले जात. दरसाल दिवाळीला शिंपी माप घेऊन झाल्यावर आई दाराआडून सांगे, "चार बोटं जास्त ठेवा हो," आणि मग बाहीत व घेरात दुमड घालून शिवलेला तो सदरा पहिले वर्ष माझ्यावर तंबूसारखा उभा राही, दुसऱ्या वर्षी किंचित माणसात येई, आणि तिसऱ्या वर्षी दुमड उसवली की आतल्या न विटलेल्या कापडाचा गडद पट्टा गुडघ्याच्या वर आणि मनगटापाशी आमच्या काटकसरीची जाहीर कबुली देत राही. मोठे घेऊन दुमडलेले कापड कधीही बेतून शिवलेल्यासारखे बसत नाही, हे मला शिकवण्यासाठी ऑकलंडला जाण्याची खरे म्हणजे गरज नव्हती.

तरी मी गेलो. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, भाच्याने मला त्या होडीवर बसवले. तोपर्यंतचे माझे समुद्रज्ञान फळ्यावरचे. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा मी तीस वर्षे शिकवला. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो तो खारा, रात्री ती लवकर निवते म्हणून वारा जमिनीकडून जातो तो मतलई, आणि कोळी पहाटे एकावर बसून जातात व दुसऱ्यावर बसून परततात. फळ्यावर दोन बाण काढले की धडा संपे. जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या शाळेत तो मुलांनाही पटे आणि मलाही. रांगितोतो बेट समोर ठेवून आम्ही निघालो तेव्हा सकाळी वारा एवढा मंद होता की जुने एकशेपन्नास टक्के शीड पुरते उघडले तरी त्याच्या पोटात एक आळसावलेली सुरकुती हलत राहिली होती. दुपारी फळ्यावरचा एक बाण खरा झाला.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे वाक्य मी कदाचित शिकवलेही असेन. पण त्या दिवशी ते माझ्या उजव्या तळहातावर लिहिले गेले. होडीचे तोंड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर फिरवायचे असले की ते मोठे शीड डोलकाठीच्या पुढून ओढून पलीकडे न्यावे लागते. एका बाजूची दोरी सोडायची, दुसऱ्या बाजूची चरखीवर गुंडाळून ओढायची. भाचा म्हणाला, "सोडा!" मी सोडण्याऐवजी जरा धरून ठेवून मग सोडली, आणि ती दोरी तळव्यातून जी सरसरत गेली तिने कातडीचा एक पट्टा सोबत नेला. शीड तेवढ्यात तारेत आणि डोलकाठीत अडकून असे काही फडफडू लागले की लग्नघरात एकाच वेळी पन्नास सतरंज्या कोणी झटकाव्यात. मग ते गुंडाळायचे ठरले. दोरी ओढता ओढता तिसरा हिस्सा आत गेला, आणि उरलेल्याचा आकार पाहून मला माझा पहिल्या वर्षीचा सदरा आठवला. मध्यभागी पोट सुटलेले, कडेला सुरकुत्यांचा गड्डा झालेला. होडी पुढे जाण्याऐवजी कुशीवर पडत होती. तशात ते शीड खाली इतके लोंबत होते की पलीकडचे काहीच दिसेना, आणि मला होडीच्या कडेशी बसून, मान वाकडी करून, त्याच्या खालून पाहण्याचे काम देण्यात आले. मी पाहत असतानाच एका लहान होडीची लाल बाजू आमच्या पुढ्यात हातभर वाटावी इतक्या जवळून गेली. तिच्यातल्या माणसाने हात केला. तो नमस्कार नव्हता.

किनाऱ्याला लागल्यावर भाच्याने मलम लावता लावता मला एक गोष्ट सांगितली ती फार दिवस पुरली. दोन शिडांमधल्या फटीतून वारा कोंडून वेगाने वाहतो आणि म्हणून पुढचे शीड इतके काम करते, असे पिढ्यान्‌पिढ्या नावाड्यांना शिकवले जाई. १९७०च्या दशकात डग्लस विमान कंपनीतल्या आर्व्हेल जेंट्री नावाच्या वायुगतिशास्त्रज्ञाने दाखवले की त्या फटीत वारा उलट मंदावतो. पुढच्या शिडाला जो अनुकूल वारा मिळतो तो मागचे शीड आपल्यापुढचा प्रवाह वळवून त्याच्याकडे पाठवते म्हणून. पुढचे शीड मात्र सर्वांच्या नजरेत असते, आणि श्रेयही त्याच्याच खाती जमा होते. माझ्या पेशकार वडिलांना हे शास्त्र क्षणात कळले असते. तहसीलदाराच्या सहीचे कागद कोण तयार करतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते.

कोरड्या मुलखात राहून समुद्राचा ध्यास घेणारा मी एकटाच आहे अशी माझी समजूत होती, ती मात्र मुलाहिजा न ठेवता सोडावी लागते. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला, म्हणजे अवर्षणाच्याच पट्ट्यात, जाऊन राहिले होते. आणि भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एखाद्या भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांनी वर्षानुवर्षे जपली. ती दिलीप दोंदे यांनी पुरी केली. मांडवी नदीचेच जुने नाव धारण करणारी ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधली; १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये परतले. या प्रवासाविषयी वाचताना लोक दक्षिणेकडच्या महासागरातल्या लाटांची उंची पाहतात. मी मनाशी एवढेच पाहतो की एकट्या माणसाचे हात दोन. रात्री तीनला वारा बदलला की जेवढे शीड दोन हातांनी आवरेल तेवढेच त्याचे. बाकीचे कापड कोणाच्या का मालकीचे असेना.

आता ज्या शिडाकडे मला यायचे आहे, ते समुद्रावर नाही. ते आमच्याच जिल्ह्यात आहे, शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणावर खोदलेल्या डोंगरात. शाळेची सहल घेऊन मी अजिंठ्याला किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. मुले पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे शहाण्यासारखी गप्प होत आणि दुसऱ्या लेण्यात शिरेपर्यंत त्यांना डब्यांची आठवण झालेली असे. तिथे उजव्या भिंतीपाशी मी थांबे आणि पाठीमागे कुजबुज सुरू होई. त्या भिंतीवर एक जहाज आहे. दोन्ही टोके उंच उचललेली, नाळेवर डोळा रंगवलेला, मागच्या बाजूला घडे मांडून ठेवलेले, तीन डोलकाठ्या आणि तीन उभट शिडे; आणि त्या सर्वांच्या पुढे, तिरक्या काठीवर, आणखी एक लहानसे शीड, वाऱ्याने गच्च भरलेले. दीड हजार वर्षांपूर्वीचे पुढचे शीड! मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, त्यांतल्या पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. पण त्या जहाजाचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले, पुढच्या भरलेल्या शिडासकट, आणि पुढे राधाकुमुद मुखर्जींच्या १९१२ च्या भारतीय नौकानयनावरील ग्रंथात ते आले.

ते जहाज पूर्णाच्या कथेतले मानतात. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. पुढे भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला, चंदनवनाचा रखवालदार यक्ष कोपला, वादळ उठले, आणि संकटात सापडलेल्यांनी पूर्णाचा धावा केला तेव्हा तो आकाशमार्गे येऊन त्यांचा रक्षणकर्ता झाला. कथा सर्वांना ठाऊक आहे; पण हात पोळून आल्यानंतर मी ते चित्र पुन्हा पाहिले तेव्हा माझ्या ध्यानात एक भलतीच गोष्ट आली. कथेत तुफान आहे आणि चित्रातली सगळी शिडे पूर्ण उभारलेली आहेत. कोणताही जाणता तांडेल वादळात प्रथम शीड उतरवील. मग चित्रकाराला हे ठाऊक नव्हते काय? त्याने समुद्र पाहिला होता, की पैठणच्या वाटेने जाणाऱ्या एखाद्या सार्थवाहाच्या तोंडून ऐकून त्याने ते जहाज काढले, जसे मी क्रमिक पुस्तकातून बाण काढीत होतो? की त्याला पक्के ठाऊक होते, आणि उतरवलेली शिडे काढली तर भिंतीवर वारा दिसणार कसा, या अडचणीपायी त्याने जाणूनबुजून खलाशांचा नियम मोडला? वारा रंगवता येत नाही. त्याला धरणारे कापड तेवढे रंगवता येते.

या जहाजाचे नकाशे, मापे, दस्तऐवज काही शिल्लक नाही, चित्र आहे. तेवढ्या आधारावर अलीकडे ते पुन्हा बांधले गेले. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि दांडेकरांचाच कारखाना यांनी मिळून २०२३ मध्ये हे काम हाती घेतले, केरळच्या कारागिरांनी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोराने फळ्या शिवल्या, मद्रासच्या आयआयटीत त्याची पाण्यातली वागणूक तपासली गेली, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. ज्यांनी ‘म्हादेई’ बांधली त्यांच्याच हातून हे व्हावे, याचा मला विनाकारण आनंद झाला. भिंतीवरच्या वीतभर शिडावरून खऱ्या शिडाचे माप काढताना तिथे काय बोलणी झाली असतील, कोणी "मोठे ठेवा, आखडता येईल" म्हणाले असेल काय, याचा मी बराच वेळ विचार करीत बसलो होतो. चित्रकाराने टक्के लिहून ठेवलेले नाहीत.

भाच्याचे मात्र टक्क्यांवरून रोज मत बदलत होते. सोमवारी एकशेपस्तीस, गुरुवारी एकशेदहा. शिवणाऱ्याने एकशेपस्तीसच्या तारेकडील कडेत फोमची पट्टी घालून देण्याची तयारी दाखवली. तिच्यामुळे गुंडाळताना मधले पोट थोडे आत ओढले जाते आणि आकार बरा राहतो. "थोडे" म्हणजे किती, हे तो सांगेना. मी भाच्याला वडिलांची ओढ्यापलीकडची गोष्ट सांगितली आणि गेल्या दोन वर्षांत तू कोणत्या वाऱ्यात किती दिवस बाहेर पडलास ते रोजकीर्दीतून काढ म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, खरं सांगू का? वारा अगदीच पडला की मी इंजिन लावतो." हे वाक्य कोणत्याही जाहिरातीत नव्हते. मंद वाऱ्यासाठी म्हणून चोवीस आणे शिडाची जी एवढी महती, त्या मंद वाऱ्यात हा गृहस्थ डिझेल जाळीत घरी येत होता, कारण मुलांना रात्रीच्या जेवणाला घरी पोचवायचे असे. बरे, त्याला मी काय बोलणार? मी स्वतः शब्दकोशाचे सर्व खंड घेऊन ठेवले आहेत आणि उघडतो तो नेहमी एकच.

मृगाचा पहिला पाऊस यंदा एका संध्याकाळी वाऱ्यासकट आला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघालो. औरंगपुऱ्यातल्या त्या निळ्या-पिवळ्या गावाची बरीच पडझड झाली होती. एक भलीमोठी ताडपत्री समोरच्या दुकानाच्या पाटीला गळफास घेतल्यासारखी लटकत होती आणि दोन पोरे ती काठीने सोडवीत होती. मेथीवाल्या बाईची बारा बाय बारा जागेवर होती. शेवटची पाटी मात्र तिच्याबाहेर पडली होती, आणि त्या पाटीतल्या कोथिंबिरीवर बाईने खताची रिकामी गोणी उलगडून टाकली होती. ताडपत्रीच्या मध्यावर पाणी साचून पोट आले होते. ती बसल्या जागेवरून एका वेळूने ते खालून उचलून धरी, आणि पाणी मागच्या गटारात भसकन पडे.

"सर, तुमच्या भाच्याचं काय ठरलं?" तिने विचारले. दुकानातल्या त्या दिवसानंतर मी तिला सगळी हकिकत सांगितली होती.

"अजून नाही."

"तिकडं वारं कुठून येतं?"

दुपारी समुद्राकडून, मी म्हणालो, आणि सवयीने हवेत बोटाने एक बाण काढला. ती त्या बोटाकडे न पाहता वर ताडपत्रीकडे पाहत होती. पश्चिमेची कड किंचित उचलली गेली होती. तिने वेळू माझ्या हातात दिला, "धरा जरा," म्हणाली, आणि सुतळीची गाठ सोडायला उठली.